पित्त, मूत्रपिंड आणि एक घातक घरगुती उपाय

गेल्या महिन्यात शिराळ्यातील माझ्या दवाखान्यात एक सूनबाई सासऱ्यांचे रिपोर्ट घेऊन आल्या. सासऱ्यांना १५ वर्षांचा मधुमेह. आता लघवीतून प्रथिने जाऊ लागलेली. त्यांनी विचारले, "डॉक्टर, पित्तातील आम्लांनी किडनी सुधारते, असे मोबाईलवर वाचले. घरी रोहू मासा येतोच. त्याचे पित्त मामंजींना दिले तर चालेल का?"

त्यांनी वाचलेल्या मजकुरात तथ्य होते. काढलेला निष्कर्ष मात्र जीवघेणा होता.

आपण 'पित्त झाले' म्हणतो ते बहुधा जठरातील आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते. त्यातील पित्ताम्ले मेदाच्या पचनास मदत करतातच, शिवाय पेशींना संदेशही देतात. पेशीकेंद्रातील 'एफएक्सआर' नावाचा ग्राही हा संदेश घेतो आणि काही जनुकांचे काम वाढवतो वा मंदावतो. पित्ताम्लांशी असलेले त्याचे हे नाते १९९९ मध्ये उलगडले. हा ग्राही यकृत व आतड्यांप्रमाणे मूत्रपिंडातही असतो. मधुमेही उंदरांमध्ये तो औषधाने जागवला असता मूत्रपिंडातील मेद, दाह व व्रणतंतू घटले आणि लघवीतील प्रथिनेही कमी झाली.

परंतु उंदरांमधील यश म्हणजे आपल्या आजोबांचे औषध नव्हे. याच ग्राहीवर काम करणाऱ्या ओबेटिकोलिक आम्लाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, तीही यकृताच्या एका विशिष्ट विकारासाठी. त्याने तीव्र खाज सुटते आणि बळावलेल्या सिरॉसिसमध्ये यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

माशाचे पित्त तर निराळेच. रोहू, कटला यांसारख्या कार्प कुळातील माशांच्या पित्तात सायप्रिनॉल सल्फेट हे विष असते. शिजवूनही ते निर्धोक होत नाही. काही तासांत उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात; पुढील दोन-तीन दिवसांत लघवी घटून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. भारतात असे रुग्ण डायालिसिसवर गेल्याच्या नोंदी आहेत. चुकून पित्त पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मग करावे काय? मधुमेह वा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांची वर्षातून किमान एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनीन तपासावे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत, मीठ बेताने घ्यावे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर आणू नयेत. लघवीतून प्रथिने जात असल्यास त्यावर आज सिद्ध झालेली औषधे उपलब्ध आहेत. त्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

सूनबाईंनी उपाय करण्याआधी विचारले, म्हणून मामंजी आज गोळ्या घेऊन घरीच आहेत. आपणही आधी विचारा.