जेम्स नदीच्या गाळांतील विष

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत जेम्स नदीच्या कांठीं होपवेल नांवाचें गांव आहे. तेथें अॅलाइड केमिकल कंपनी मुंग्या, झुरळें व पिकांवरील किडी यांच्या नाशाचें ‘केपोन’ नांवाचें औषध तयार करीत असे. शास्त्रज्ञ त्याला क्लोरडेकोन म्हणतात. कर्बाचे दहा, क्लोरीनचे दहा व प्राणवायूचा एक इतक्या अणूंचा त्याचा रेणु बनतो, आणि ही बांधणी इतकी घट्ट असते कीं, उन्हापावसानें किंवा मातींतील जंतूंकडून ती सहजासहजीं मोडत नाहीं. पाण्यांत हें द्रव्य अत्यल्प विरघळतें. गाळाच्या कणांना व प्राण्यांच्या शरीराला मात्र चिकटून राहतें. पुढील अनर्थाचें मूळ या गुणांत आहे.

१९७४ च्या मार्चपासून केपोन बनविण्याचें काम लाइफ सायन्स प्रॉडक्ट्स या लहान कंपनीकडे गेलें. ती अॅलाइडच्याच दोन जुन्या नोकरांनीं काढली होती, व तिचा कारखाना म्हणजे पूर्वींचा एक पेट्रोलपंप होता. विषाची भुकटी हवेंत उडे, कामगारांच्या कपड्यांवर बसे आणि त्यांच्यासह घरीं जाई. सांडपाणी गांवच्या गटारांत सोडलें जाई.

पहिली वर्दी त्या गटारांतूनच आली. आपल्याकडे उकिरड्यांत शेणाचें खत होतें तें डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंच्या श्रमानें. मैला शुद्ध करण्याच्या टाक्यांतहि असाच प्रकार चालतो. केपोननें हे जंतूच मारले आणि टाक्यांतील क्रिया थांबली. कारण काय तें त्याच वर्षीं अधिकाऱ्यांना कळलेंहि होतें. तरी कारखाना चालूं राहिला. जंतूंचें मरण कोणाच्या मनाला लागावें!

मग माणसांची पाळी आली. हातपाय थरथरणें, दृष्टि स्थिर न राहणें, वजन घटणें, छातींत व सांध्यांत दुखणें अशीं लक्षणें कामगारांत दिसूं लागलीं. १९७५ च्या जुलैंत एका डॉक्टरांनीं अशा एका रोग्याचें रक्त अॅटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राकडे पाठविलें, व त्यांत केपोन सांपडलें. त्याच महिन्यांत कारखाना बंद झाला. पुढें १३३ कामगारांची चौकशी झाली तेव्हां ७६ जणांना बाधा झाल्याचें आढळलें. सुदैवानें त्यावर उतारा मिळाला. केपोन पित्ताबरोबर आंतड्यांत येतें व तेथून पुन्हां रक्तांत शोषलें जातें. कोलेस्टिरामिन नांवाचें औषध त्याला आंतड्यांतच धरून ठेवून मलावाटे बाहेर काढतें. पुष्कळ रोगी त्यानें सुधारले.

नदीला असा उतारा नव्हता. १९७५ च्या डिसेंबरांत राज्यपालांनीं जेम्स नदीच्या सुमारें १०० मैलांच्या भागांत मासेमारी बंद केली. ज्या कोळ्यांनीं केपोनचें नांवहि ऐकलें नव्हतें, त्यांचीं जाळीं सुकत पडलीं. पूर्वीं स्वतः नदींत सोडलेल्या घाणीबद्दल अॅलाइड कंपनीला १९७६ सालीं न्यायालयानें १ कोटि ३२ लक्ष ४० हजार डॉलर दंड केला. कंपनीनें ८० लक्ष डॉलर पर्यावरणाच्या कामासाठीं नव्या निधीला दिले, तेव्हां तो ५० लक्षांवर आला. पण दंडानें तळचा गाळ कसा धुवून निघावा? उपसावा तर विष ढवळून वर येणार, आणि खर्च अब्जावधि डॉलरांचा. तो विचार सोडून द्यावा लागला. दरसाल वाहून येणारा नवा गाळ जुन्यावर बसत गेला, माशांतील विष हळूहळू उतरलें, आणि बंदी पायरीपायरीनें सैल होत १९८८ मध्यें उठली. लाइफ सायन्सचा कारखाना मात्र चालला होता अवघे सोळा महिने. विष नाहींसें झालें नाहीं. तें पुरलें गेलें, इतकेंच.

होपवेलचा हा प्रकार जगजाहीर झाला होता. तरीहि कॅरिबियन समुद्रांतील मार्टिनिक व ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर केळींवरील सोंड्या किडा मारण्यासाठीं हेंच द्रव्य १९९३ पर्यंत वापरलें गेलें. फ्रान्समध्यें १९९० सालीं बंदी आली असतां या बेटांना सवलत मिळाली. २००९ सालीं स्टॉकहोम कराराखालीं बहुतेक जगानें तें त्याज्य ठरविलें. त्या बेटांवर तें नदीच्या तळाशीं नसून शेतांच्या मातींत आहे, आणि तेथील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा ९० हून अधिकांच्या रक्तांत तें सांपडलें आहे.