फ्लॅट तिचा, हप्ते त्याचे?

परस्परसंमतीचा घटस्फोट म्हणजे दोन सह्या आणि सुटका, असे लोकांना वाटते. खरी मेहनत असते ती 'कन्सेंट टर्म्स'वर, म्हणजे पोटगी, मुलांचा ताबा, दागिने, घर हे सारे ठरवणाऱ्या कागदावर.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब प्रमाणे अर्जाआधी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते चालते. अर्जानंतर 6 महिने थांबायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालापासून योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकते. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, म्हणून पोटगीची एकरकमी रक्कम बहुधा टप्प्याटप्प्याने देतात. शेवटचा डिमांड ड्राफ्ट शेवटच्या तारखेला.

आता घर. महाराष्ट्रात केवळ लग्न झाले म्हणून नवऱ्याच्या नावचे घर निम्मे बायकोचे होत नाही. बांद्यापलीकडे गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी.

आपल्याकडचा नेहमीचा घोळ दोघांच्या नावावरच्या कर्जाचा. 'फ्लॅट तिचा, हप्ते तो भरेल' असे अटींत लिहून मोकळे होतात. पण बँक काही त्या कागदावर सही करत नाही! त्याने हप्ते थकवले तर बँक सहकर्जदार म्हणून तिच्याही दारात येते आणि सिबिल दोघांचा घसरतो. तेव्हा सहीआधी बँकेत जावे. एकट्याच्या पगारावर कर्ज बसते का, दुसऱ्याचे नाव काढतील का, हे लेखी घ्यावे. बसत नसेल तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून, उरलेले वाटून घेणे बरे. जीव कितीही गुंतलेला असो. बसत असेल तर हक्कसोडपत्र, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी, मग सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट.

स्त्रीधन तिचेच, फक्त दागिन्यांची यादी वजनासह अटींना जोडावी, 'सर्व दागिने मिळाले' एवढ्यावर भागवू नये.

आणि विमा, पीएफ, बँक खाती? घटस्फोट झाला म्हणून तिथले नॉमिनीचे नाव आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो.