पन्नास पावलांच्या आत

पहाटे ४.१५. गजर वाजायच्या आधीच जाग येते. ओहायोत हरणांचा बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी लागतो आणि सात दिवसांत संपतो. आजची रजा मी उन्हाळ्यातच टाकून ठेवली होती. बिनवासाच्या साबणाने आंघोळ केली, चहा मात्र आलं घालूनच. बायको अर्धवट झोपेत विचारते, "परवानगीचा कागद घेतलास?" दुसऱ्याच्या जमिनीत शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी जवळ असावीच लागते इथे. कागद खिशात होता.

६.१५. कोशॉक्टन काउंटी. कोलंबसहून निघाल्यापासून बंदूक रिकामी, पिशवीत बंद. आता रानाच्या कडेला ती बाहेर काढली. लिव्हरची मार्लिन रायफल, .४५ कोल्टची. हे काडतूस १८७३ सालचं, मुळात रिव्हॉल्व्हरसाठी केलेलं. ओहायोत कितीतरी वर्षं हरणांवर शॉटगन किंवा ठासणीची बंदूक चाले, काडतुसाची रायफल नाही. वस्ती दाट, आणि वेगवान गोळी चुकली तर मैलभर जाते. २०१४ पासून सरळ पुंगळीच्या काडतुसांच्या रायफलींना मोकळीक मिळाली आणि माझ्यासारख्यांचं भलं झालं. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायची नाहीत, हा नियम. मला तीनही जास्तच वाटतात.

गोळ्या घरच्या. सप्टेंबरात गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून मी शिसं वितळवतो. गाडीच्या चाकांना तोल साधायला लावतात ती जुनी वजनं आणि चिमूटभर कथील. कथलाने रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. साचा उघडला की गोळी सुती फडक्यावर टपकन पडते. चांदीसारखी चकाकते आणि बराच वेळ हात लावू देत नाही. नाक चपटं, वजन २५० ग्रेन म्हणजे सोळा ग्रॅम. खाचेत मधमाशांचं मेण. वेग सेकंदाला हजार फुटांच्या आसपास, आवाजाहूनही कमी. .३०-०६ रायफलची गोळी याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने सुटते. मग ही संथ गोळी हरीण मारते कशी? चपट्या नाकाने वाट रुंद पाडते आणि जड असल्याने आरपार जाते. फुटून फुलण्याची तिला गरजच नसते. साडेअकरा मिलिमीटरची जाडी तिला जन्मापासूनच असते. अट एकच, नेम फुप्फुसांवर लागला पाहिजे.

७.०५. कायद्याने शिकार सुरू करायची वेळ, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलोय. नारिंगी जाकीट हरणाला फारसं वेगळं दिसत नाही, माणसाला लांबून दिसतं. पाचोळ्यावर दव गोठलंय आणि खारी हरणांपेक्षा जास्त खडबड करताहेत.

७.५०. उतारावर नर आला. पांढऱ्या शेपटीचा, आठ टोकांची शिंगं. शंभर पावलांवर आडवा उभा राहिला, मिनिटभर तरी. मी बंदूक उचलली नाही.

माझी गोळी पन्नास यार्डांवर नेमकी बसते. शंभरावर ती वीतभर खाली जाते. कागदावर तेवढी वीत धरून नेम मारता येतो, जिवंत जनावरावर नाही. चार वर्षांपूर्वी मी तो हिशेब मांडला होता. गोळी पोटात लागली. रात्रभर टॉर्च घेऊन फिरलो, दुसऱ्या दिवशी दुपारी मादी ओढ्यात सापडली. मांस वाया गेलेलं. ती किती वेळ जिवंत होती कोण जाणे. त्या दिवसापासून पन्नास पावलं ही माझी हद्द. बंदुकीचा दोष नव्हता, मी जवळ गेलो नव्हतो. साध्या काडतुसाचं मला मोल वाटतं ते याच कारणाने: ते लांबून मारण्याची मुभा देत नाही. वारा ओळखायला लावतं, वाटा पाठ करायला लावतं.

नर गेला. दुपार बसूनच गेली. गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी रुमालातून काढून खाल्ली. कागद चुरचुरतो म्हणून रुमाल.

३.४०. दोन माद्या, वारा येतो त्या बाजूने येताहेत. चाप दाबून धरून, अंगठ्याने घोडा हळूच मागे घेतला, म्हणजे खटका वाजत नाही. पहिलीने मान वर केली. मी श्वास धरला. दुसरी पस्तीस पावलांवर पूर्ण आडवी झाली. नळीच्या टोकाचा पितळी मणी फऱ्यामागे टेकवला आणि चाप ओढला. गोळी लागल्याचा 'थप्' आवाज वेगळा ऐकू आला. मादी उसळली आणि झुडपांत शिरली.

आता घड्याळ बघायचं. अर्धा तास हलायचं नाही. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर उठून आणखी पळतं.

४.१५. रक्त वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुलाबी, फेसाळ. फुप्फुसं. गडद लाल म्हणजे यकृत, हिरवट झाक असेल तर आतडं. मग तासन्‌तास थांबावं लागतं. साठ पावलांवर ती पडली होती. मागून जाऊन काटकीने डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मी टोपी काढून जरा वेळ तिथेच बसलो.

गोळी आरपार गेली होती, दोन्ही बाजूंना अंगठा जाईल एवढं भोक. वेगवान गोळी लागली की भोवतालचं बरंच मांस रक्ताळून जातं. इथे भोकाच्या काठापर्यंत स्वच्छ. पोट उघडलं, काळीज आणि कलेजी वेगळ्या पिशवीत ठेवली, टॅग लावला, फोनवर नोंद केली.

५.२०. शेतमालक म्हातारे टॉर्च आणि घसरगाडी घेऊन आले.

"किती पावलं?"

"पस्तीस."

"मग ठीक. दोरी तू धर, गुडघे माझे नाहीत."

रात्री ९. सावंतवाडीत सकाळ. आईला फोन लावला. आमच्या आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, शिशाच्या गोळ्या ते चुलीवरच ओतत; आईला हे सगळं नवीन नाही.

"तडफडलं नाही ना रे?"

"साठ पावलं गेली, आई. तेवढीच."

ती जरा गप्प राहिली. "बरं. कलेजीला तिरफळं घाल, दोनच."