खोक्यावरचा आकडा आणि विंडोज सुरू होण्याचा वेग

लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करून घेताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तासभर घासाघीस चालते. एसएसडीची पाळी आली की मात्र खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून पैसे मोजले जातात. निम्मे गैरसमज त्या आकड्यातूनच निघतात.

‘१४,००० एमबीचा ड्राइव्ह टाकला की विंडोज क्षणात चालू होतं.’
हा वेग मोठी फाइल एकसलग वाचण्याचा आहे. विंडोज सुरू होताना बारीकसारीक असंख्य फायली ठिकठिकाणांहून वाचल्या जातात. ४ केबीचे तुकडे एकामागून एक वाचायला लावले, तर साटा एसएसडी सेकंदाला साधारण ३०-४० एमबी देते, चांगली एनव्हीएमई ६० ते ९०. खोक्यावर ५५० विरुद्ध १४,००० अशी पंचवीसपट तफावत. इथे ती दुप्पट-अडीचपटीवर येते. हार्ड डिस्क याच कामात जेमतेम एक एमबी गाठते. म्हणूनच हार्ड डिस्क काढून कुठलीही एसएसडी लावली की जुना पीसीसुद्धा पळू लागतो. जेन फोरच्या जागी जेन फाइव्ह लावली तर फरक घड्याळ लावून शोधावा लागतो. शिवाय बटण दाबल्यापासून विंडोज लोड व्हायला लागेपर्यंतचा वेळ मदरबोर्ड खातो. डीडीआर५ रॅमची जुळवणी, जोडलेल्या उपकरणांची तपासणी, यात महागडा ड्राइव्ह काहीही करू शकत नाही.

‘एम डॉट टू म्हणजेच एनव्हीएमई.’
एम डॉट टू हा नुसता आकार. २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, म्हणून २२८०. त्याच पट्टीत साटा एसएसडीही मिळते आणि ती ५५०च्या फारशी पुढे जात नाही. सोनेरी दातांमध्ये दोन खाचा दिसल्या तर ती बहुधा साटा. मदरबोर्डाचं मॅन्युअलही वाचा: अनेक बोर्डांवर ठरावीक एम डॉट टू स्लॉट भरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि लोक बिचाऱ्या हार्ड डिस्कला नावं ठेवतात.

‘एसएसडी लिहून लिहून लवकर झिजते.’
१ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला बहुधा ६०० टीबीडब्ल्यूची हमी असते, म्हणजे ६०० टीबी लिहिण्याची. रोज ५० जीबी लिहिलंत तरी १२,००० दिवस, बत्तीस वर्षांहून जास्त. तोवर तो पीसी राहील का?

‘डीरॅम नसलेला ड्राइव्ह टाकाऊ.’
असे एनव्हीएमई ड्राइव्ह बहुतेकदा पीसीच्याच रॅममधले काही एमबी उसने घेतात. बूट ड्राइव्हला तेवढं पुरतं. बघायचंच असेल तर क्यूएलसी आहे का ते बघा. मोठी फाइल कॉपी करताना त्याचा कॅश भरला की वेग काही वेळा साटाच्याही खाली घसरतो.

एसएसडी डीफ्रॅग करायची नसते. ट्रिमचं काम विंडोज स्वतःच करतं.

माझं मत विचाराल तर १ टीबी, टीएलसी, जेन फोर, पाच वर्षांची वॉरंटी. उरलेले पैसे रॅममध्ये घाला. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या आणि ते पट्टीवरच्या स्टिकरशी दुकानातच ताडून बघा.