मिग-१५: दोषांसकट उभं केलेलं विमान

मिग-१५च्या कॉकपिटमध्ये वैमानिकासमोरच्या पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी पट्टी रंगवलेली असे. विमान स्पिनमध्ये सापडलं, गरगर फिरत खाली येऊ लागलं आणि वर-खाली, डावं-उजवं काही कळेनासं झालं, की स्टिक त्या पट्टीच्या रेषेत आणून पुढे रेटायची. बेलसिमटेक कंपनीने ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरसाठी मिग-१५बिस घडवलं, तेव्हा ही पट्टी तर घेतलीच, पण जिच्यामुळे ती रंगवावी लागली ती खोडही तशीच ठेवली. या कामाचं खरं मोल मला त्यातच दिसतं.

मूळ विमान ३० डिसेंबर १९४७ रोजी पहिल्यांदा उडालं. सोव्हिएत रचनाकार मिकोयान आणि गुरेविच यांच्याकडे आराखडा होता, ३५ अंश मागे झुकलेले पंख होते, पण भरवशाचं जेट इंजिन नव्हतं. ते दिलं ब्रिटनने. १९४६मध्ये तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं सोव्हिएत संघाला विकू दिली. इंजिन-रचनाकार क्लिमोव्ह यांच्या लोकांनी त्यांची नक्कल केली, मग ती सुधारली. बिस या सुधारित आवृत्तीतलं व्हीके-१ इंजिन सुमारे २,७०० किलो रेटा देई. कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५०मध्ये, हे विमान यालू नदीवर दिसलं आणि सरळ पंखांची अमेरिकी जेट विमानं एकदम जुनी ठरली. अमेरिकेला घाईने आपली सेबर लढाऊ विमानं पाठवावी लागली.

हे सगळं पुस्तकात मिळतं. त्या इंजिनाशी किती जपून वागावं लागे, ते मात्र सिम्युलेटरमध्ये बसल्यावर कळतं. थ्रॉटल झटक्यात पुढे ढकलला की तापमान भडकतं, इंजिन विझूही शकतं. म्हणून हात सावकाश चालवायचा आणि उतरताना वेगाचा विचार बराच आधी करायचा. जमिनीवरही सुख नाही. पुढचं चाक नुसतं मोकळं फिरतं. वळायचं तर पायाने पेडल दाबून, स्टिकवरची ब्रेकची कळ ओढून एकाच बाजूचा ब्रेक लावायचा. नवखा माणूस धावपट्टीपर्यंत पोचायच्या आधीच गवतात जातो. हवेत वेग वाढला की एलिव्हेटर जड होतो, आणि माख ०.९२ला एअरब्रेक आपोआप उघडतात.

तोफांची रचना पाहिली की विमान कशासाठी बनवलं ते लगेच उमगतं. एक ३७ मिलिमीटरची, दोन २३ मिलिमीटरच्या, आणि दोन्ही प्रकारांची बटणं वेगळी. मोठ्या तोफेला गोळे अवघे ४०, म्हणजे सलग मारा केला तर सहा सेकंदांचा खेळ. बी-२९सारख्या अजस्र बॉम्बफेक्या विमानाला असे दोन-तीन गोळे पुरत. पण चपळपणे वळणाऱ्या सेबरमागे लागल्यावर हाच मारा फार संथ वाटतो. सेबरला रडार अंतर मोजून देई. इथे शत्रूच्या पंखांची लांबी आधी लावून, थ्रॉटलची मूठ पिळत, साइटमधल्या वर्तुळात लक्ष्य बसवावं लागतं, तेही वळणाच्या दाबात.

२१ सप्टेंबर १९५३ रोजी उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक आपलं मिग घेऊन सोलजवळच्या किम्पो तळावर उतरला. ओकिनावात ते उडवून पाहणारे अमेरिकी चाचणी-वैमानिक चक येगर यांनी सूचना न देता स्पिनमध्ये जाणं, अचानक नाक उचलणं हे दोष नोंदवले. ते विमान आज ओहायोतल्या डेटनच्या संग्रहालयात आहे. १९६८मध्ये पहिले अंतराळवीर युरी गागारिन यांचा मृत्यू झाला तो याच मिगच्या दोन आसनी आवृत्तीत.

सिम्युलेटरमध्ये मरण नाही, अंगावर येणारा दाब नाही, उंचीवरची थंडी नाही. तेवढी उणीव राहणारच. तरी नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेल्या मिग-२१बद्दल ज्यांना आपुलकी आहे, त्यांनी त्याच्या या पूर्वजाशी ओळख जरूर करून घ्यावी. फक्त पहिले काही दिवस तोफांना हात लावू नका. इंजिन सुरू करा, धावपट्टीपर्यंत जा, एक फेरी मारून उतरा. ते नीट जमलं की मगच सेबरच्या वाटेला जा.