हळद सूज कशी उतरवते? पेशीत काय घडते, कॅप्सूलमध्ये धोका कोणता?

पुणे : गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात हळकुंडे आणि काळी मिरी दोन्ही मिळतात. गुडघे दुखू लागले की घरोघरी हळदीचे दूध सुरू होते. आता त्याच्या जोडीला 'कर्क्युमिन'च्या कॅप्सूल आल्या आहेत. पण हळदीने सूज खरेच उतरते का?

सूज येते कशी?
शरीरात जंतू शिरला की 'मॅक्रोफेज' या रोगप्रतिकारक पेशी सावध होतात. त्यांच्यातील 'एनएफ-कप्पा-बी' हे प्रथिन एरवी दुसऱ्या प्रथिनाने जखडलेले असते. इशारा मिळताच ते सुटते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि 'टीएनएफ-अल्फा', 'आयएल-६' यांसारखी सूज वाढवणारी प्रथिने तयार करायला लावते. काम झाल्यावर हे थांबायला हवे. आमवातात ते थांबत नाही.

हळद काय करते?
हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील पेशींमध्ये ही सुटका रोखते. परिणामी सूज वाढवणारी प्रथिने कमी तयार होतात.

मग अडचण कुठे?
हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असते. पोटात गेलेले बरेचसे शोषले जात नाही. उरलेले आतडी आणि यकृत लगेच बदलून टाकतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिन घेऊनही ते रक्तात जेमतेम आढळले. सोबत मिरीतील २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर प्रमाण सुमारे २० पटींनी वाढले. म्हणूनच अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो.

गुडघेदुखीवरील काही लहान चाचण्यांत आराम दिसला. भक्कम पुरावा मात्र अजून नाही.

धोका कोणता?
पायपरिनमुळे इतर काही औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित यकृताच्या इजेचे १० रुग्ण नोंदवले गेले. त्यांतील ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला.

काय लक्षात ठेवाल?
- भाजी-आमटीतील हळदीची भीती नको. ती गोळीपेक्षा फार कमी असते.
- रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नका.
- कॅप्सूल सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.
- आमवाताची गोळी बंद करून हळदीवर विसंबू नका. सूज आत सुरूच राहिली तर सांधे झिजतात आणि ते नुकसान भरून येत नाही.