गोळी एकच, नावे दोन

माउलीच्या दर्शनास गुंजीस गेलो असता एका वयस्क स्नेह्यांकडे आमचे उतरणे झाले. गप्पांच्या ओघात त्यांनी औषधांची पिशवी पुढे केली. तीत कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची दोन पाकिटे निघाली. एक हृदयरोगाच्या डॉक्टरांनी दिलेले, दुसरे मधुमेहाच्या. वरची नावे निराळी, पण खाली बारीक अक्षरांत दोहोंवर एकच औषध छापलेले : ॲटोरव्हास्टॅटिन. कित्येक महिने ते दुप्पट मात्रा घेत होते आणि मांड्यांतील दुखण्याचा दोष वयाला देत होते! बेळगाव गाठावयाचे म्हणजे दिवस मोडतो. म्हणून जुन्या चिठ्ठ्यांवरच गोळ्या येत राहिल्या होत्या.

औषध मात्र टाकाऊ नव्हे. या वर्गास ‘स्टॅटिन’ म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ साली एका बुरशीत त्याचा उगम सापडला. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती ते मंदावते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन अभ्यासात सिमव्हास्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले.

परंतु मात्रा दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही. घातक कोलेस्टेरॉल आणखी सुमारे ६ टक्केच उतरते. स्नायूंना अपाय होण्याचा संभव मात्र वाढतो. याच वर्गातील सेरिव्हास्टॅटिन २००१ साली बाजारातून काढून घ्यावे लागले. मोठ्या मात्रेने, तसेच जेमफायब्रोझिलच्या जोडीने घेतल्यास स्नायू झिजून मूत्रपिंडे निकामी होत आणि काही रुग्ण दगावले.

म्हणून वाचकांस विनंती, की कारणावाचून स्नायू फार दुखू लागले, अशक्तपणा आला, लघवी चहासारखी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे जंतुनाशक किंवा बुरशीवरील गोळ्या कोणी लिहून दिल्यास आपण स्टॅटिन घेतो हे आधी सांगावे. गरोदर स्त्रीने, किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रीने, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्वचित रक्तातील साखर थोडी वाढते, तेव्हा तीही तपासून घ्यावी.

याउलट, किरकोळ अंगदुखीस घाबरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी परस्पर बंद करणेही तितकेच घातक. अशा दुखण्याचे कारण पुष्कळदा निराळेच असते. झटका येऊन गेलेल्यांनी तर हा धोका पत्करूच नये. मात्रा उतरविणे वा गोळी बदलणे हे डॉक्टरांच्या हाती असते.

आमच्या स्नेह्यांनी दोन्ही पाकिटे डॉक्टरांपुढे ठेविली. एक बंद झाले, दुसरे चालू राहिले. काही आठवड्यांत दुखणेही ओसरले. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व पाकिटे एका पिशवीत घालून न्यावी आणि मात्रा किती, घ्यावयाची केव्हा, पुढील रक्ततपासणी कधी, हे तीन प्रश्न आपल्या मराठीत निःसंकोच विचारावेत.